आम्हाला काय पाऊस शिकवता?

ब्रिस्बेनला कुणी भारतातून नवं राहायला आलं की महिन्याभरात त्यांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येतं. "ही माणसं सारखी हवेवर काय बोलत असतात हो?" मीही हेच म्हणाले होते. २०१६ साली आम्ही इथे आलो तेव्हा शेजारच्या आजी कुंपणापाशी रोज भेटायच्या आणि रोज आभाळाकडे बघून काहीतरी सांगायच्या. आज उकाडा वाढेल, दुपारनंतर येईल बघ, पश्चिमेकडे लक्ष ठेव, कपडे आत घे. मला वाटायचं, बिचाऱ्यांना आमच्याशी बोलायला दुसरा विषय सुचत नसेल. त्या मला काहीतरी शिकवत होत्या हे समजायला मला दोन उन्हाळे लागले.

याला कारण आमचा कोकणी ताठा. मी रायगड जिल्ह्यातली, श्रीवर्धनकडची. आमच्याकडे पावसाळ्यात सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. ब्रिस्बेनला वर्षभरात मिळून हजार-अकराशे पडतो. म्हणजे आमच्या एका चांगल्या जुलैएवढा! मग आम्हाला काय पाऊस शिकवता? घरात, दावतीला, मराठी कार्यक्रमात, मशिदीबाहेर चपला घालताना मी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता कोण बोलणार तेही आधी ओळखू येतं. बोलणारा बहुतेक कोकणातला किंवा मुंबईचा असतो. मुंबईकर २६ जुलै २००५ची गोष्ट काढतो, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर, आणि त्यापुढे इथल्या माणसांनी काही बोलायचंच नसतं.

माझं म्हणणं असं की हा ताठा आपल्याला इथे महागात पडतो. आपल्याला पाऊस ठाऊक आहे हे खरं, पण तो आपला पाऊस. त्या ओळखीवर इथल्या हवेशी वागायला गेलं की गफलत होते.

कोकणातला पाऊस येतो तेव्हा सांगून येतो. सात जूनच्या आसपास मिरग लागतो. आमच्या घरात ईद, मोहरम, रमजान चंद्रावर चालायचे आणि शेती नक्षत्रांवर. अब्बांना मिरग, आर्द्रा, पुष्य तोंडपाठ होतं, आणि त्यात आम्हाला कधी काही वेगळं वाटलं नाही. मिरगाआधी पावसाळ्याची बेगमी करायची. सुकी मच्छी, तांदूळ, मसाला, पापड डब्यात भरायचे, लाकूडफाटा पडवीत रचायचा, झावळ्यांची झापं विणून भिंतींना आडोसा करायचा, कौलं शाकारून घ्यायची. मग चार महिने तो पडत राहतो. जोर कमीजास्त होतो, पण तो आहे, हे धरूनच सगळं चालतं. दसऱ्याच्या सुमारास तो निघून जातो. त्रास होतो, पण पाहुणा ठरलेला आहे आणि त्याचं अंथरूण आधीच घातलेलं आहे.

ब्रिस्बेनचा पाऊस असा नाही. इथे वादळांचा हंगाम साधारण ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत धरतात, पण हंगाम म्हणजे रोज पाऊस नव्हे. तीन आठवडे काहीच येत नाही. मग एखाद्या दिवशी सकाळपासून हवा जड होते. पूर्वेच्या समुद्रावरून ओल आलेली असते, पश्चिमेकडची जमीन तापलेली असते, डोंगरांच्या बाजूला दुपारी ढग उभे राहू लागतात. दोन वाजता आभाळ स्वच्छ असतं आणि चार वाजता रस्त्यावर फांद्या पडलेल्या असतात. वीस-पंचवीस मिनिटांचा खेळ. पाचला ऊन पडतं, पक्षी ओरडायला लागतात आणि शेजारी मोडलेली छत्री कचऱ्याच्या डब्यात टाकत असतो. गंमत म्हणजे चार किलोमीटरवर राहणाऱ्या आपांच्या अंगणात थेंबही पडलेला नसतो.

भाषेची शिक्षिका असल्यामुळे मला आधी शब्द सुचतो. याला आपल्याकडे शब्द आहे: वळीव. एप्रिल-मेच्या तापलेल्या दुपारी वारा, धूळ, विजा, गारा घेऊन येतो आणि मातीचा वास सोडून जातो तो. इथला उन्हाळा म्हणजे सहा महिने चाललेला वळवाचा मोसम आहे, पावसाळा नव्हे. हे मला ज्या दिवशी कळलं त्या दिवशी बऱ्याच गोष्टी उलगडल्या. आपण वळवाला कधी गंभीरपणे घेत नाही, तो मुलांनी गारा वेचायचा पाऊस. इथे २७ नोव्हेंबर २०१४ला असाच एक वळीव शहराच्या मधोमध आला. आर्चरफील्डच्या विमानतळावर वाऱ्याचा झोत ताशी १४१ किलोमीटर मोजला गेला आणि गारांनी इमारतींच्या काचा फुटल्या. ३१ ऑक्टोबर २०२०ला स्प्रिंगफील्ड लेक्स भागात क्रिकेटच्या चेंडूएवढ्या आणि त्याहून मोठ्या गारा पडल्या. आमच्या ओळखीची दोन कुटुंबं तिथे राहतात. त्यांच्या छपराची कौलं फुटली आणि पुढचे कित्येक महिने वर निळी ताडपत्री होती. त्यातल्या एका भाईंनी मला फोनवर सांगितलं, "आम्ही गारांचा व्हिडिओ काढायला बाहेर गेलो होतो, पहिली गार गाडीच्या टपावर पडली तसे आत पळालो." बाहेर का गेले? लहानपणी गारा वेचल्या होत्या म्हणून.

दुसरा शब्द मला मराठीत नीट सापडत नाही, उर्दूत सापडतो: हब्स. वारा पार थांबलाय, पान हलत नाही, श्वास कोंडतो, अशी हवा. मराठीत आपण कुंद म्हणतो, दमट म्हणतो, 'उकडतंय' म्हणतो, पण हब्समध्ये कोंडून ठेवल्याचा जो अर्थ आहे तो त्यात येत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत इथे असे दिवस येतात. तापमान बघावं तर तीस. नागपूरची माणसं हसतात, तीस म्हणजे काय? त्यांनी तापमानाऐवजी ड्यू पॉइंट, म्हणजे दवबिंदू बघावा. हवेत प्रत्यक्ष ओल किती आहे ते त्यावरून कळतं. तो वीसच्या वर गेला की अंग चिकट व्हायला लागतं, चोवीसच्या आसपास गेला की घाम आला तरी वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. नागपूरच्या मेमध्ये कूलर लावून झोपता येतं. इथे कूलर लावला तर खोलीत आणखी ओल भरते. आमच्या एका विदर्भातल्या स्नेह्यांनी हौसेने कूलर घेतला होता, तो आता गॅरेजमध्ये आहे. (डोक्यावरच्या ओढणीने उकडत नाही का, असं मला दुकानात विचारणाऱ्या बायकांना मी आता हसून सांगते की दवबिंदूने उकडतं.)

उत्तरेला डार्विनकडे तर मोसमी पावसाच्या आधीच्या या दिवसांना वेगळं नावच आहे, 'बिल्ड-अप'. ऑक्टोबर ते डिसेंबर. ढग जमतात, गडगडतात आणि न पडता निघून जातात. माणसं चिडचिडी होतात, भांडतात. तेव्हाच तिथे आंबे पिकतात म्हणून त्याला 'मँगो मॅडनेस'ही म्हणतात. आंब्याच्या दिवसांतला उकाडा कोकणी माणसाला समजावून सांगायची गरज नाही!

आता शाळेकडे येते, कारण मला खरा राग तिथे येतो. माझी मुलगी पहिलीत असताना तिने ऋतूंचा तक्ता रंगवून आणला. डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा, मार्च ते मे ऑटम, जून ते ऑगस्ट हिवाळा, मग स्प्रिंग. ऑटमच्या चौकोनात लाल-पिवळी पानं गळणारं झाड. मी तिला खिडकीशी नेलं. मार्च होता. समोरचं डिंकाचं झाड हिरवंगार, आंब्याचं झाड हिरवंगार, आणि बाहेर धो धो पाऊस. "कुठली पानं गळतायत बेटा?" ती म्हणाली, "पुस्तकातली."

हे चार ऋतू इंग्लंडहून बोटीने आले आणि उलटे करून इथल्या कॅलेंडरवर बसवले गेले. ब्रिस्बेनची मोठी वादळं, चक्रीवादळं, पूर यांना त्या तक्त्यात जागाच नाही. उलट या देशात हजारो वर्षं राहिलेल्या लोकांची ऋतूंची मांडणी बघा. काकडूच्या बिनिन्ज आणि मुंगुय लोकांचे सहा ऋतू आहेत. त्यात पावसाच्या आधीच्या वादळांचा गुनुमेलेंग वेगळा, भर पावसाचा गुजेवग वेगळा, आणि वाढलेलं गवत आडवं करणाऱ्या शेवटच्या वादळांचा बांगेरेंग वेगळा. डार्विनच्या लाराकिया लोकांच्या पंचांगात सात ऋतू आहेत. पर्थकडच्या नूंगार लोकांचेही सहा. कुठलं फूल आलं की कुठला मासा धरायचा, कुठला वारा सुटला की कुठे हलायचं, हे सगळं त्यात गुंफलेलं आहे. ग्रीष्म, वर्षा, शरद मोजत वाढलेल्या माणसाला सहा ऋतू ऐकून आपलं कुणीतरी भेटल्यासारखं वाटतं. आमच्या अब्बांना बिनिन्ज म्हातारा भेटला असता तर दोघांना एकमेकांची भाषा न येताही तासभर आभाळावर बोलता आलं असतं, असं मला अनेकदा वाटतं.

माझी तक्रार पुस्तक बदला एवढीच नाही. जी मुलं इथे वाढतायत त्यांच्याकडे ना आपले शब्द आहेत ना इथल्या मातीतले. शनिवारच्या वर्गात मी मुलांना विचारलं, आज हवा कशी आहे? सगळ्यांचं एक उत्तर: 'ह्यूमिड'. सकाळची कुंद हवा ह्यूमिड, वादळाआधीचा हब्स ह्यूमिड, पावसानंतर रस्त्यातून निघणारी वाफ ह्यूमिड. ज्याला नाव नाही त्यातला फरक दिसत नाही, आणि इथे तो फरक दिसणं कामाचं असतं.

आता घरांविषयी, कारण दमट हवेचा खरा मार बाहेर नाही, घरात बसतो.

इथली जुनी लाकडी घरं तुम्ही पाहिली असतील. त्यांना 'क्वीन्सलँडर' म्हणतात. खांबांवर उंच उचललेलं घर, भोवती रुंद व्हरांडा, वर पत्रा, दारांवर हवा खेळायला जाळी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमची पडवी आठवली. खालून वारा जातो, पूर आला तर पाणीही जातं. ज्यांनी ही घरं बांधली ते इंग्लंडहूनच आलेले होते, पण हवेचं ऐकायला शिकले होते. पुढे हे शहाणपण कुठे गेलं कोण जाणे. आम्ही पहिली पाच वर्षं ज्या भाड्याच्या घरात काढली ते नव्या वस्तीतलं, विटांचं, काळ्या छपराचं, छज्जा नावालाही नसलेलं. खिडक्या लहान आणि एकाच बाजूला. दिवसभर तापायचं आणि रात्रभर ते तापणं आम्हाला परत द्यायचं.

२०२२च्या फेब्रुवारीत तीन दिवसांत ब्रिस्बेनवर साडेसहाशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. वर्षाच्या निम्म्याहून अधिक पाऊस एका शनिवार-रविवारच्या आसपास! नदी २८ तारखेला ३.८५ मीटरवर गेली. आमच्या घरात पाणी शिरलं नाही, त्यामुळे आम्ही नशीबवान ठरलो आणि कुणाला काही सांगायची सोय उरली नाही. पण त्यानंतर दोन महिने घर वाळलंच नाही. कपाटाच्या मागे काळी बुरशी, गाद्यांखाली बुरशी, चामडी चपलांवर पांढरी लव. धाकट्याची छाती भरून यायला लागली. आणि एक दिवस मी वरच्या कप्प्यातली पेटी उघडली. माझं बी.एड.चं प्रमाणपत्र, अब्बांनी मला शाळेत नोकरी लागल्यावर दिलेली उर्दूची जुनी पुस्तकं, माझ्या पहिल्या वर्गाच्या मुलींनी सही केलेलं कार्ड. पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटली होती. प्रमाणपत्राची दुसरी प्रत मिळते. अब्बांच्या हातचं पहिल्या पानावरचं माझं नाव पुसट झालंय, त्याची प्रत कुठून आणू?

घर बघणाऱ्या एजंटबाईंना कळवलं. उत्तर आलं की खिडक्या उघड्या ठेवत चला. खिडक्या उघडल्या की पाऊस आत, बंद केल्या की बुरशी आत. मी पुन्हा लिहिलं नाही. का? कारण आपण परदेशात आहोत, तक्रारखोर ठरू, पुढचं घर मिळताना शेरा जाईल. ही भीती मला एकटीला नाही, आपल्यातल्या निम्म्या भाडेकरूंना आहे. क्वीन्सलँडमध्ये १ सप्टेंबर २०२४पासून सगळ्याच भाड्याच्या घरांना किमान दर्जाचे नियम लागू झालेत. भाडेकरूच्या वागण्यामुळे आलेली नसेल तर ओल आणि बुरशी नसणं हा त्यातला एक नियम आहे. हे आपल्या किती लोकांना ठाऊक आहे? आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर बिर्याणीच्या ऑर्डरी आणि विमानाची तिकिटं फिरवतो. हे कुणी फिरवत नाही.

विम्याचंही तसंच. २०११च्या जानेवारीत नदी ४.४६ मीटरवर गेली तेव्हा हजारो घरं बुडाली, आणि मग विम्याच्या कागदांत 'वादळाचं पाणी' आणि 'पुराचं पाणी' यांतला फरक निघाला. आभाळातून थेट आलेलं पाणी वेगळं, नदीनाल्यातून बाहेर आलेलं वेगळं. त्यानंतर पुराची एकच व्याख्या कायद्याने ठरवावी लागली. घर घेताना आपण किचन बघतो, किब्ला कुठल्या दिशेला येतो ते बघतो, शाळा बघतो. महापालिकेच्या पूर-नकाशावर त्या पत्त्याचा रंग कोणता आहे हे बघणारी माणसं मला फार थोडी भेटली. नकाशा फुकट आहे, नेटवर आहे.

गाडीची गोष्ट सांगायलाच हवी, घरात कितीही हशा झाला तरी. दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. वर्ग आटोपून परतताना वादळ आलं. आमच्या वाटेवर एक ओढा लागतो, रस्ता तिथे खाली उतरून पुन्हा वर चढतो. पाणी रस्त्यावरून वाहत होतं. तपकिरी, शांत, फार नाही. यांनी गाडी हळू केली, थांबवली नाही. म्हणाले, "हे पाणी? आपल्या गावच्या साकवावर याहून जास्त असायचं, आणि आपण दप्तर डोक्यावर घेऊन जायचो." मी म्हटलं, तेव्हा आपण गाडीत नव्हतो. शब्दाला शब्द वाढला. मागे मुलं. मी दार उघडायला लागले तेव्हा कुठे गाडी वळली. आम्ही एका खाण्याच्या दुकानासमोर दोन तास बसून राहिलो. बसल्या बसल्या दिसलं की आमच्यामागून आलेली एक उंच गाडी त्या पाण्यातून निघून गेली. काही झालं नाही. पुढचा आठवडाभर घरात मी 'हवामान खातं' होते.

मला त्या दिवशी बरोबर ठरायचं नव्हतं. पण विचार करा, जो पार गेला तो पुरावा होतो. पुढच्या दावतीत तो सांगतो, अरे काही नसतं. इथलं सरकार वर्षानुवर्षं एकच वाक्य सांगतंय, रस्त्यावर पाणी असेल तर विसरा, मागे फिरा. आपल्याला ते घाबरटपणाचं वाटतं. लहान गाडी पंधरा सेंटीमीटर वाहत्या पाण्यातही सरकू शकते, म्हणजे वीतभरही नाही. खालचा रस्ता वाहून गेला असेल तर ते वरून दिसत नाही. साकवावरून आपण चालत जायचो तेव्हा पायाला दगड लागायचा, तळ कळायचा. गाडीच्या चाकाला तो कळत नाही.

कोकणातून काहीच शिकून आलो नाही असंही नाही. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. मी इथे. फोन बंद, चार दिवस घरच्यांचा आवाज नाही. मग भावाने डोंगरावर चढून फोन लावला आणि म्हणाला, "घर आहे, छप्पर नाही, वाडी नाही." आजोबांनी लावलेली सुपारीची झाडं एका दुपारी आडवी झाली होती. म्हणून २०२५च्या मार्चमध्ये आल्फ्रेड येतंय म्हणाले तेव्हा मी घाबरले, आणि आमच्या ओळखीत हसणारे हसत होते. ब्रिस्बेनला चक्रीवादळ? १९७४च्या झोईनंतर या भागात किनारा ओलांडून एकही आलं नव्हतं. रमजानचा पहिला आठवडा होता. आल्फ्रेड समुद्रात रेंगाळत बसलं. आज येणार, उद्या येणार. शाळा बंद, बस बंद, वाळूच्या पिशव्यांसाठी तासन्‌तास रांगा, दुकानात पाव नाही, पाणी नाही. आमच्याकडे सहरीसाठी खजूर आणि चणे होते, ते आमच्या शेजाऱ्यांनाही पुरले! कुंपणापाशीच्या आजींना मी पहिल्यांदा बेगमी हा शब्द सांगितला. त्यांनी तो दोनदा म्हणून बघितला.

शनिवारी, ८ मार्चला, वादळ जोर कमी होऊन किनाऱ्याला लागलं. तिथेच सगळ्यांची फसगत झाली. "बघा, उगाच घाबरवलं" असे मेसेज रविवारी सकाळी यायला लागले. आणि त्या रविवार-सोमवारच्या चोवीस तासांत ब्रिस्बेनवर २७५ मिलिमीटर पाऊस पडला, पन्नास वर्षांतला एका दिवसातला सर्वांत मोठा. वारा गेला तरी त्याने आणलेलं पाणी जायचं असतं. कोकणात हे कुणालाही सांगावं लागत नाही. इथे येऊन आपण विसरलो, कारण टीव्हीवर नकाशातला तो फिरणारा गोल दिसेनासा झाला होता. वीज आमच्याकडे दीड दिवस नव्हती. इफ्तार मेणबत्तीवर झाला, मुलांना तेवढंच आठवतं.

ही फक्त क्वीन्सलँडची रडगाणी आहेत असं मेलबर्नच्या वाचकांना वाटत असेल तर त्यांना २१ नोव्हेंबर २०१६ची संध्याकाळ आठवायला सांगेन. एका दिवसात चार ऋतू, असं मेलबर्नबद्दल सगळे कौतुकाने सांगतात. त्या दिवशी उकाड्यानंतर वादळ आलं. ओल्या, जोरदार हवेत रायगवताचे परागकण फुटून बारीक झाले आणि थेट छातीत उतरले. हजारो लोक एकाच रात्री श्वास लागून इस्पितळांत गेले, दहा जण दगावले. आजारी पडलेल्यांमध्ये भारतीय आणि एकूणच दक्षिण व आग्नेय आशियाई वंशाची माणसं त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार जास्त होती. अनेकांना आपल्याला दमा आहे हेच माहीत नव्हतं, फक्त वसंतात शिंका यायच्या. आता तिथे ऑक्टोबर ते डिसेंबर रोज याचा अंदाज जाहीर होतो. तुमच्या घरात कुणाला या दिवसांत शिंका येत असतील तर डॉक्टरांना हा एक प्रश्न विचारा, आणि अंदाज वाईट असेल त्या दिवशी वादळापूर्वी खिडक्या लावून घरात बसा. पाऊस येताना बाहेर जाऊन वारा अंगावर घ्यायची आपली सवय तिथे घातक आहे.

हवामान बदलतंय का, हा वाद मी टाळणार नाही. दोन टोकांची माणसं भेटतात. एक म्हणतो, हे नेहमीचंच, १८९३ला नदी ८.३५ मीटरवर गेली होती तेव्हा कुठे होत्या गाड्या? ते खरंय. इथली हवा लहरी होती आणि राहणार. दुसरा प्रत्येक सरीमागे जगबुडी बघतो. पण या देशाचं तापमान १९१०पासून सुमारे दीड अंशाने वाढलंय, आणि दर अंशाला हवा साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते. लहरी माणसाच्या हातात आधी जेवढं पाणी होतं त्यापेक्षा जास्त पाणी दिलंय, एवढं मला कळतं. २०२२ला लिस्मोरमध्ये पूर १४.४ मीटरवर गेला, आधीच्या विक्रमाहून दोन मीटर वर. जुन्या पुराच्या खुणेवर विसंबून जे माळ्यावर चढले होते त्यांना छप्पर फोडून बाहेर यावं लागलं. म्हणजे 'आमच्या आजोबांच्या वेळी इथपर्यंतच आलं होतं' हे वाक्य आता तिथेही चालत नाही आणि आपल्या चिपळूणलाही चालत नाही.

तर या शनिवारपासून वर्गात मी एक उद्योग सुरू केलाय. प्रत्येक मुलाने घरी आजी-आजोबांना, नाना-नानींना फोन करून हवेचा एक शब्द आणायचा, आणि शेजाऱ्याकडून इथली एक खूण. पहिल्या शनिवारी आलेले शब्द: वळीव, झड, रिपरिप, हब्स, उमस, मळभ, पागोळी. आणि खुणा: जकारांडाची जांभळी फुलं आली की वादळं जवळ आली, मुंग्या भिंतीवर चढल्या की गाडी छपराखाली घे, आभाळ हिरवं दिसलं की गारा. हिरव्या आभाळाचं खरं की खोटं यावर मुलं भांडली. एक मुलगा म्हणाला, "टीचर, अम्मी म्हणते आपल्याला पाऊस माहीत आहे." मी त्याला अम्मीसाठी एक चिठ्ठी दिली. त्यावर तीन ओळी होत्या: गटार साफ करून घ्या, आपत्कालीन सेवेचा १३२ ५०० हा नंबर फ्रिजवर लावा, आणि विजेरीचे सेल बदला. खाली त्याच उर्दूत. त्याने ती दप्तरात ठेवली तेव्हा पावणेतीन झाले होते आणि पश्चिमेला पहिला ढग उभा राहत होता.